पक्ष्यांसाठी दाणे कसे निवडावेत: मिश्रणाची पिशवी ठेवा बाजूला, आधी चोच पाहा

पक्ष्यांसाठी म्हणून विकलं जाणारं तयार मिश्रण घरी असेल तर मूठभर ताटात ओता आणि दाणे वेगवेगळे करून पाहा. स्वस्त पिशवीत बहुतेक वेळा लाल ज्वारी, गहू आणि मक्याचा भरडा यांचाच भरणा निघतो. सूर्यफुलाच्या बिया असतात त्या तोंडी लावण्यापुरत्या. फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या भांड्यावर, येणारे बरेच पक्षी नेमक्या त्याच बिया शोधत असतात. एक दाणा उचलला, चोचीत तोलला, टाकला, दुसरा उचलला, असं चालू राहतं. मनाजोगती एक बी हाती लागेपर्यंत दहा दाणे खाली गेलेले असतात. खाली पडलेलं धान्य दवाने नाहीतर पावसाने भिजतं, त्यावर बुरशी चढते, पाठोपाठ उंदीर येतात, आणि महिन्याभरात घरातलं कोणीतरी फर्मान काढतं की हे पक्ष्यांचं प्रकरण आता पुरे.

म्हणून माझा सल्ला थोडक्यात असा: मिश्रण घेऊ नका. एकेका जातीचे दाणे सुटे घ्या, थोडे घ्या, ताजे घ्या, आणि आपल्याकडे येणाऱ्या पक्ष्याच्या चोचीला जे जमतं तेच ठेवा. यात नवीन काही नाही. अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेतले संशोधक एल्रेड गाइस यांनी वेगवेगळे दाणे शेजारी शेजारी ठेवून पक्षी काय उचलतात हे मोजलं आणि त्याचा अहवाल १९८० साली आला. तेलबियांचं काळं सूर्यफूल आणि वरीच्या जातीचं पांढरं बारीक धान्य यांना पक्ष्यांनी उचलून धरलं. मिश्रणांत सर्रास घातले जाणारे बरेच घटक मात्र नाकारले. त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी भरताडाच्या पिशव्या आहेत तिथेच आहेत.

पायरी १: कोण येतं ते पाहा

दाणे आणण्याआधी चार-पाच दिवस सकाळी उजाडल्यापासून तासभर परिसर न्याहाळा. झाडावर, कुंपणावर, जमिनीवर कोण दिसतं? नाव माहीत नसलं तरी चालेल. चोच कशी आहे आणि पक्षी कुठे बसून खातो, या दोन गोष्टी टिपल्या तरी पुष्कळ.

आखूड, जाड, शंकूसारखी चोच म्हणजे दाणे सोलून खाणारा पक्षी. चिमणी, मुनिया, सुगरण आणि फिंच कुळातले पक्षी यात आले. जवळून पाहा: पक्षी दाणा गिळत नाही. जिभेने तो चोचीच्या कडेला आडवा सरकवतो, खालची चोच हलवत टरफल चिरतो आणि दाणा जिभेवर फिरवत राहतो. टरफलाचे दोन तुकडे चोचीच्या बाजूंनी गळून पडतात आणि गर आत जातो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. टरफल जितकं पातळ तितकं काम सोपं, म्हणून बी निवडताना टरफलाची जाडी फार महत्त्वाची.

वल्गुलीसारख्या (इंग्रजीत टिट) छोट्या पक्ष्यांची तऱ्हा वेगळी. ते एक बी उचलून फांदीवर जातात, पायांखाली दाबून धरतात आणि चोचीने ठोकून फोडतात. शिलींध्री (इंग्रजीत नटहॅच) बी सालीच्या फटीत अडकवते आणि मग घाव घालते. या दोघांना फीडरवर फार वेळ बसायचंच नसतं, त्यामुळे त्यांची ये-जा सारखी चालू दिसते. पोपट एका पायात बी धरून आरामात सोलतो.

होले आणि पारवे सोलण्याच्या भानगडीत पडत नाहीत. दाणा सबंध गिळतात. पुढचं दळण पेषणीत, म्हणजे पोटाच्या जाड स्नायूंच्या भागात, गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने होतं. म्हणून त्यांना टणक दाणाही चालतो, आणि खायचं असतं ते जमिनीवर किंवा सपाट जागी.

आणि बारीक, लांबट चोचीचे पक्षी? दयाळ, वटवट्या, शिंजीर हे किडे, फळं नाहीतर मधुरस यांवर जगतात. त्यांच्यासाठी कितीही उत्तम दाणे टांगले तरी ते येणार नाहीत. त्यांना पाणी ठेवा, फुला-फळांची झुडपं लावा, बागेत कीटकनाशक फवारू नका. दाणे खाणारे बहुतेक पक्षीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात, त्यामुळे फवारणी बंद केली तर फायदा दोघांनाही होतो.

पायरी २: दाणा निवडा

एकच बी घ्यायची असेल तर सूर्यफुलाची घ्या, आणि तीही काळी. सूर्यफुलाचे ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात. पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची मोठी बी माणसांनी सोलून खायची. तिचं टरफल जाड असतं. तेल गाळायची बी लहान आणि काळी असते, टरफल पातळ आणि गर तेलाने भरलेला. हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेतलं, पण तेलाचं प्रमाण वाढवलेली वाणं विसाव्या शतकात रशियात घडली. वासिली पुस्तोवोइत यांनी त्यासाठी आयुष्य घातलं. तेलगिरणीसाठी केलेल्या त्या कष्टांचा फायदा आज छोट्या चोचीच्या पक्ष्यांना मिळतो. पट्टेरी बी पोपट किंवा मोठ्या चोचीच्या फिंचला फोडता येते, चिमणीच्या चोचीला ती जड जाते. काळी बी जवळजवळ सगळ्यांना जमते.

सूर्यफुलाची एक कटकट आहे: टरफलांचा खच. तो नुसता घाण दिसत नाही, त्यातल्या द्रव्यांमुळे खालचं गवत आणि रोपंही खुरटतात. कुंडीच्या वर फीडर टांगू नका, किंवा सोललेला गर घ्या. गराचा कचरा होत नाही, पण त्याला टरफलाचं संरक्षण नसल्यामुळे तो ओलाव्याने फार लवकर खराब होतो. गर ठेवायचा तर दिवसभरात संपेल इतकाच ठेवावा. महाग पडतो खरा, मात्र वजनात टरफलाचे पैसे जात नाहीत, हेही हिशेबात धरा.

दुसरा क्रमांक राळा, वरी, बाजरी अशा बारीक धान्यांचा. चिमण्या, मुनिया, सुगरणी आणि होले यांचं हे आवडतं खाणं. यात चरबी कमी आणि पिष्ट जास्त, म्हणजे सूर्यफुलाइतकी ऊर्जा नाही. पण या पक्ष्यांचं निसर्गातलं खाणंच गवताचं बी असतं, तेव्हा ते त्यांच्या सवयीचं आहे. चिमण्या वाढवायच्या आहेत आणि जागा कमी आहे, तर मी राळ्याने सुरुवात करीन. बाजरीला पारवेही तुटून पडतात, हे मात्र ध्यानात असू द्या.

कारळे हा खास दाणा. काळा, सुईच्या टोकासारखा बारीक, तेलाने भरलेला. गोल्डफिंच आणि त्याच्या जातकुळीतले पक्षी यासाठी जीव टाकतात. परिसरात ते नसतील तर कारळ्याच्या वाटेला जायचं कारण नाही. हे बी लवकर सुकतं, आणि एकदा तेल आटलं की पक्षी ढुंकून पाहत नाहीत. शिवाय दाणा इतका बारीक की साध्या फीडरच्या भोकातून वाळूसारखा गळून जातो. त्याला बारीक फटींचं नळकांडं किंवा बारीक जाळीची पिशवीच लागते. काही देशांत आयात होणारं कारळं आधी तापवून निर्जीव केलं जातं, त्यात मिसळलेलं अमरवेलीसारखं तण तिथे रुजू नये म्हणून.

करडईचं बी पांढरं, टणक आणि चवीला कडवट. जाड चोचीच्या पक्ष्यांना आणि होल्यांना चालतं, खारींना फारसं रुचत नाही. खारींनी जेरीस आणलं असेल तरच याचा विचार करा.

शेंगदाणे ऊर्जेने भरलेले. निम्म्याच्या आसपास चरबी आणि पाव हिस्सा प्रथिनं. सुतार, वल्गुली, शिलींध्री, पोपट सगळे येतात. पण दोन अटी पाळा. खारवलेले, मसाला लावलेले दाणे अजिबात नकोत. आणि अफ्लाटॉक्सिनची धास्ती बाळगा. दमट जागी ठेवलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते, तिचं हे विष पक्ष्यांचं यकृत निकामी करतं. भाजल्याने ते पुरतं जात नाही, आणि दाणा वरून चांगला दिसला तरी आत असू शकतं. म्हणून माणसांना खायच्या प्रतीचेच दाणे घ्या. 'जनावरांसाठी' म्हणून स्वस्तात निघालेला खवट माल पक्ष्यांच्या माथी मारू नका. विणीच्या हंगामात सबंध दाणे उघडे ठेवू नका, पिल्लाच्या घशात अडकू शकतात. तुकडे करा, किंवा जाळीच्या फीडरमध्ये भरा म्हणजे पक्षी टोचून थोडं थोडंच काढतो.

मका, गहू, तांदूळ यांवर फार बोलण्यासारखं नाही. होले-पारवे खातात, बाकीचे सहसा टाळतात. ज्वारीबद्दल मात्र लोक हटकून विचारतात: शेतात तर पाखरं ज्वारीवर तुटून पडतात, मग फीडरवर का नाही? शेतात पाखरू टिपतं ते दुधावर आलेलं कणीस. वाळलेली लाल ज्वारी दगडासारखी, आणि लाल वाणांत टॅनिनमुळे तुरटपणाही असतो. पाखरांचा त्रास कमी व्हावा म्हणून जास्त टॅनिनची वाणं मुद्दाम लावली जातात. तीच ज्वारी पक्ष्यांच्या मिश्रणात भरणं ही गंमतच म्हणायची.

पायरी ३: हे कधीही ठेवू नका

सर्वात मोठा धोका पेरणीच्या बियाण्याचा. शिल्लक राहिलेलं बियाणं वाया कशाला घालवायचं म्हणून ते पक्ष्यांना टाकलं जातं. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावर बुरशीनाशक आणि बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, लाल, निळा, हिरवा असा न शोभणारा रंग दिसला तर तो इशाराच समजा. धुऊन वापरू असंही म्हणू नका. लहान पक्ष्याचं वजन वीस-तीस ग्रॅम; त्याला मूठभर नव्हे, मोजके दाणेही घातक ठरू शकतात. साठवणीसाठी कीडनाशक पावडर किंवा गोळ्या घातलेलं धान्यही यातच धरा.

पाव, बिस्किटं, फरसाण, शिळा खारट भात हे पोट भरतं पण पोसत नाही. त्याविषयी इतकंच.

पायरी ४: घेताना दाणा तपासा

दुकानात पिशवी उलटसुलट करा. तळाशी भुसा आणि धूळ साचली असेल, दाणे एकमेकांना धाग्यांनी चिकटले असतील, तर ती पतंगाच्या अळीने धरलेली जाळी आहे. बारीक भोकं असलेला दाणा म्हणजे सोंडे लागलेले. हात घालून नाकाशी न्या. खवट किंवा कुबट वास आला की परत ठेवा.

सूर्यफुलाच्या पाच-सहा बिया सोलून पाहा. गर भरदार, फिकट पांढरा हवा. पोचट किंवा पिवळट-तपकिरी असेल तर माल जुना. कारळ्यासाठी सोपी परीक्षा आहे: चार दाणे पांढऱ्या कागदावर ठेवून नखाने चिरडा. कागदावर तेलाचा डाग उमटला तर दाणा जिवंत, नुसती कोरडी पूड झाली तर घेऊ नका. राळा, बाजरी, सूर्यफूल यांचे थोडे दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले आणि बहुतेकांना मोड आले तर माल ताजा आहे. तापवलेल्या कारळ्याला किंवा सोललेल्या गराला ही परीक्षा लावू नका.

पहिल्यांदा घेताना प्रत्येकाचं पाव किलो पुरे. पोतं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. कोणता दाणा चालणार हे अजून ठरायचं आहे.

पायरी ५: चाचणी घ्या

आठवडाभर हा उद्योग करा, पुढचा खर्च वाचेल. एकसारख्या तीन-चार उथळ ताटल्या घ्या. प्रत्येकीत एकाच जातीचे, एकाच वाटीने मोजलेले दाणे ठेवा. सकाळी मांडा, सूर्यास्ताला उचला. रोज ताटल्यांच्या जागा बदला, कारण झुडपाजवळची ताटली आधी रिकामी होते. तिथे दाण्यापेक्षा जागेचा गुण जास्त असतो.

संध्याकाळी नजरेने अंदाज बांधू नका. ताटली भरलेली दिसते, आणि फुंकर मारली की सगळी टरफलं उडून तळ उघडा पडतो. पाखडून उरलेले सबंध दाणेच त्याच वाटीने मोजा. खालची जमीनही वाचा: चिरलेली टरफलं म्हणजे खाल्लेलं, सबंध दाणे म्हणजे नाकारलेलं.

पहिले काही दिवस कोणीच आलं नाही तर दाण्याला दोष देऊ नका. नवीन वस्तूची पक्ष्यांना भीती असते. काही ठिकाणी दोन-तीन आठवडेही जातात. शेजारी पाण्याचं उथळ भांडं ठेवलं तर लवकर नजरेत भरतं.

पायरी ६: दाण्याला साजेसा फीडर

सूर्यफुलासाठी नळकांडं चांगलं. दाणे कोरडे राहतात आणि छोटे पक्षी दांडीवर बसून खातात. बारीक धान्य नळकांड्यातून सांडतं, त्याला छप्पर असलेला छोटा ट्रे बरा. ट्रेच्या तळाला भोकं किंवा जाळी हवीच, नाहीतर त्यात पाणी साचून दाण्याचा लगदा होतो. शेंगदाण्याला जाळी, कारळ्याला फटींचं नळकांडं. जमिनीवर टिपणाऱ्यांसाठी थोडे दाणे सकाळी पसरा आणि रात्रीपूर्वी झाडून काढा. उंदरांना आमंत्रण जातं ते रात्री उरलेल्या दाण्यांतून.

जागा ठरवताना मांजर आणि काच या दोघांचा विचार करा. लपायला झुडूप दोन-तीन मीटरवर असावं, अगदी चिकटून नको, नाहीतर तिथूनच मांजर झेप घेईल. खिडकीच्या काचेपासून फीडर एक मीटरच्या आत टांगा किंवा दहा मीटरच्या पलीकडे. काचेला खेटून असेल तर दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला अंतरच मिळत नाही. अधलं-मधलं अंतर सर्वात वाईट.

पारवे आणि खारी

पारव्यांनी ताबा घेतला तर त्यांना हुसकावत बसण्यापेक्षा दाणा आणि रचना बदला. बाजरी, गहू, मका बंद. जमिनीवर काही टाकू नका. आखूड दांड्यांच्या नळकांड्यात फक्त सूर्यफूल ठेवा, कारण पारव्याला तिथे तोल सांभाळता येत नाही. तरीही जमलं नाही तर चार-पाच सेंटिमीटर घराची जाळी भोवती लावा. चिमणी आत जाते, पारवा बाहेर राहतो. यात पोपटही बाहेर राहतील, ते पत्करावं लागतं.

खारींसाठी तिखट लावलेले दाणे सुचवले जातात, आणि त्यामागचं शास्त्र खरं आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या ग्राहक-प्रथिनाला, म्हणजे तिखटाची जाणीव करून देणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं, त्याची पक्ष्यांमधली घडण वेगळी असते. २००२ साली हे रेणूच्या पातळीवर दाखवलं गेलं. पक्ष्याला तिखट लागतच नाही, म्हणून मिरचीचं बी दूरवर पसरवायचं कामही तेच करतात. तरी सुटी तिखटपूड दाण्यांवर भुरभुरू नका, वाऱ्याने उडून डोळ्यांत जाते. त्यापेक्षा उंच गुळगुळीत खांब आणि त्यावर उलटा शंकू हा उपाय मला जास्त पटतो.

साठवण

घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, थंड कोरडी जागा. प्लास्टिक उंदीर कुरतडतो. जुन्या दाण्यांवर नवे ओतू नका. जुने संपवा, डबा पुसून वाळवा, मग भरा. अळ्या दिसल्या तर दाणे पिशवीत बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, कीड मरते. डब्यात कीटकनाशक नको. बुरशीचा वास आला तर मात्र पाखडत, वाळवत बसू नका. ते धान्य कचऱ्यात बांधून टाका.

स्वच्छता, आणि आजारी पक्षी दिसला तर

फीडर दोन आठवड्यांतून एकदा रिकामा करून साबणाने घासा, मग नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून त्यात बुडवा, खळखळून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच भरा. पावसाळी हवेत किंवा गर्दी फार असेल तर आठवड्याला. पाण्याचं भांडं रोज.

हा सोपस्कार नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीची साथ फिंच पक्ष्यांत पसरली. लाळ लागलेल्या दाण्यातून आणि पाण्यातून तो पुढच्या पक्ष्याच्या घशात जातो. त्यात ग्रीनफिंच इतके घटले की २०२१ साली तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत त्यांचं नाव गेलं. सपाट ट्रे इथे जास्त धोक्याचे, कारण एकाने चघळून टाकलेला दाणा दुसरा उचलतो.

पिसं फुलवून सुस्त बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा, चोचीभोवती ओला, घास गिळता न येणारा पक्षी दिसला तर त्याच दिवशी सगळे फीडर आणि पाण्याची भांडी उतरवा. उरलेले दाणे टाका, खालची जमीन झाडा, हातमोजे घालून सगळं ब्लीचने धुवा. निदान दोन आठवडे काही टांगू नका, म्हणजे पक्षी पांगतील; आजारी पक्षी त्यानंतरही दिसत असतील तर आणखी थांबा. आसपास आणखी कोणी दाणे ठेवत असेल तर त्यांनाही सांगा, नाहीतर तोच थवा शेजारच्या फीडरवर जमतो. पुन्हा सुरू करताना एकच फीडर लावा, त्यात अर्ध्या दिवसाचे दाणे भरा, आणि दोन-तीन दिवस नीट पाहून मगच बाकीचे टांगा.